जुनी जिप्सी हौसेने पुन्हा उभी करायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

आपण लिहिले आहे की दिवंगत काकांची १९९८ सालची मारुती जिप्सी किंग चिपळूणजवळच्या गावी कित्येक वर्षे पडवीला लागून उभी आहे, ती हौस म्हणून स्वतः लक्ष घालून दुरुस्त करायची आहे, आणि आधी जास्त ताकदीचे इंजिन बसवावे की मोठे टायर आणि उंच पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घ्यावेत हे ठरत नाही. मी याच जातीच्या गाडीचे काम गॅरेजमध्ये शेजारी बसून करून घेतले आहे आणि आजही ती सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर नेतो. माझे मत असे की या दोन्ही गोष्टी यादीच्या शेवटी ठेवाव्यात. ही गाडी मुळात हलकी आणि साधी आहे, आणि तिची सगळी करामत त्या हलकेपणात आहे. कंपनीने दिली होती तशी ती आधी नीट उभी राहिली, की तिला आणखी काय हवे आणि काय नको हे चालवतानाच कळू लागते.

पहिले काम कागदांचे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, म्हणजे आपल्या गाडीची मूळ मुदत २०१३मध्येच संपली आहे. काकांचे निधन झाले असल्याने आधी वारसाच्या नावावर मालकी हस्तांतरित करावी लागेल (त्यासाठी नमुना ३१ आहे), आणि नूतनीकरणासाठी नमुना २५. वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झाले आहे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि उशिराबद्दलचा, महिन्यागणिक वाढणारा दंड हे वेगळे. गाडीची तपासणी झाल्याशिवाय नूतनीकरण होत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज नंतर होईल. पण मालकीचा प्रश्न, थकलेला कर आणि आरसीवरचे इंजिन व चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतात की नाही, हे एक रुपयाही खर्च करण्याआधी पाहून घ्यावे. चासीवरच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्यावा, फोटो काढावेत, आणि रंगकाम करणाऱ्याला ती जागा दाखवून तिथे ग्राइंडर फिरवायचा नाही असे बजावून सांगावे. गंज काढण्याच्या नादात तो क्रमांक पुसला गेला, तर उत्तम दुरुस्त झालेली गाडीसुद्धा आरटीओच्या दारात अडकते.

बदलांविषयीचा कायदाही इथेच समजून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. वेगळ्या क्षमतेचे इंजिन, भलतेच रुंद टायर, कापून बदललेली बॉडी, पुढे लावलेले जाड लोखंडी बंपर या सगळ्याकडे त्याच नजरेने पाहिले जाते, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही त्यावरून अडू शकतो. इंजिन बदलणे अटळच असेल, तर त्याच प्रकारचे इंजिन घ्यावे, त्याच्या खरेदीचे बिल सांभाळावे आणि आरटीओची परवानगी घेऊन नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा. विंटेज म्हणून नोंदणीची जी सवलत ऐकू येते ती पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी आहे, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोग नाही.

आता गाडीकडे वळू. कोकणात उभी राहिलेली जिप्सी इंजिनाने सहसा मरत नाही, ती गंजाने मरते. जिप्सीला स्वतंत्र शिडीसारखी चासी आहे आणि तिच्या वर रबरी माउंटवर बॉडी बसते. चासीचे आडवे-उभे भाग आतून पोकळ असल्याने वर्षानुवर्षांचा चिखल त्यांत साचतो, तो पावसाळाभर ओलावा धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेर खात येतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतो. म्हणून गाडी खालून धुऊन, पूर्ण वाळवून, लहान हातोडीने चासी टप्प्याटप्प्याने ठोकत जावे. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द येतो, आणि तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर टोक आत जाते. पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) जिथे चासीला मिळतात ती जागा, मागचा आडवा पट्टा, बॉडी माउंटचे कंस आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो तो भाग इथे विशेष वेळ द्यावा. या जागा सडलेल्या असतील तर वरून पट्टी मारून झाकू नये. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा पूर्ण वेल्ड करून घ्यावा. चासी दोन-तीन ठिकाणी आरपार गेली असेल आणि सरळ रेषेतही नसेल, तर गाडी सोडून द्यावी किंवा तिचे सुटे भाग विकावेत असे मी मोकळेपणाने सांगेन, कारण यापुढचा सगळा खर्च त्या चासीवर उभा राहणार आहे.

बॉडीत फ्लोअर, चाकांच्या कमानी, दरवाजांचा खालचा भाग आणि पुढच्या काचेची चौकट पहिल्यांदा जाते. फ्लोअर कापण्याआधी दरवाजांच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगलचे तात्पुरते आधार वेल्ड करायला डेंटरला सांगावे. ते न करता फ्लोअर काढला की बॉडी किंचित उघडते, नवा पत्रा त्या उघडलेल्या मापावर बसतो आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. सँडब्लास्टिंग चासीला उत्तम. पातळ पत्र्यावर मात्र ते करू नये, उष्णतेने आणि माऱ्याने पत्रा लाटा धरतो. उघडा केलेला पत्रा कोकणच्या दमट हवेत रात्रभरही ठेवू नये, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घ्यावा. शक्य असेल तर हे काम दिवाळी ते होळी या दिवसांतच काढावे. पोकळ भागांत शेवटी लांब नळीने मेणाचा फवारा मारता येतो. जुने इंजिन ऑइल फवारण्याची जी पद्धत आहे ती मला पसंत नाही, कारण ते रबरी बुश फुगवते आणि धूळ धरून ठेवते.

त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग, तेही इंजिन सुरू करण्याच्या मोहात पडण्याआधी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे मास्टर सिलिंडर, पुढचे कॅलिपर आणि मागचे व्हील सिलिंडर आतून गंजलेले धरूनच चालावे. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगून बंद झालेले असतात. ते सगळे नवे घालावेत, लोखंडी पाइपही. स्टिअरिंगमध्ये पाहण्याची मुख्य जागा म्हणजे पुढच्या ॲक्सलचे किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळते तिथले बेअरिंग. पुढचे चाक जॅकवर उचलून टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावा, आणि दुसऱ्याने नकलपाशी (चाक वळते त्या सांध्यापाशी) नजर ठेवावी. तिथे हालचाल दिसली की बेअरिंग बदलून शिम (पातळ चकत्या) योग्य जाडीचे बसवावे लागतात. खड्डा लागताच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थडथडू लागण्याचा जो रोग जुन्या जिप्सीत आढळतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा इथे, टाय रॉडच्या (पुढची चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांत किंवा शॅकलच्या बुशात असते. अनेक जण नवीन स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) लावून तो दाबतात. डॅम्परने थरथर लपते, झीज मात्र चालूच राहते.

इंजिनाविषयी थोडक्यात. आपल्या गाडीत १२९८ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे कार्बोरेटरवाले पेट्रोल इंजिन आहे. ८० अश्वशक्तीचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन २००० साली आले. स्टार्टर मारण्याआधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवून पाहावे. फिरले तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज, तेल आणि फिल्टर बदलून कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे. चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास असतील तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. टाकीतले जुने पेट्रोल वापरू नये, टाकी काढून आतून साफ करावी. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि १९९८चे रबरी पाइप, कार्बोरेटरचे डायफ्राम व गॅस्केट त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉलला चालणारे पाइप घालावेत, कार्बोरेटरचे किट नवे टाकावे, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये, कारण इथेनॉल ओलावा ओढते. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असणारच. जोडकाम करत बसण्यापेक्षा हार्नेस (तारांचा पूर्ण संच) नवा घालणे आणि चासी व बॉडीचे अर्थिंगचे पॉइंट घासून स्वच्छ करणे जास्त टिकते.

सुट्या भागांची चिंता करू नका. लष्कर आणि पोलीस यांनी ही गाडी वर्षानुवर्षे वापरल्यामुळे बाजारात माल आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुना बाजार आणि दिल्लीत कश्मीरी गेट इथे बहुतेक गोष्टी मिळतात. बेअरिंग, ब्रेकचे भाग आणि सील मात्र नवे आणि खात्रीच्या दुकानातूनच घ्यावेत. परदेशात हीच गाडी सुझुकी समुराई म्हणून ओळखली जाते आणि तिच्या ॲक्सल व ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला पोचवणारी पेटी) यांविषयीची माहिती आपल्यालाही उपयोगी पडते. आपल्या जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर, म्हणजे आखूड समुराईपेक्षा जास्त आहे, एवढे ध्यानात ठेवून मागचा प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक पाइप मागवावेत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३च्या आसपास जातो. जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३३ मिलिमीटरच्या आत-बाहेर वाढते, पण गिअरिंग जवळपास १० टक्क्यांनी लांबते. ६० अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात ते लगेच जाणवते, ब्रेकला जड चाक थांबवावे लागते, किंगपिनवर भार वाढतो आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने धावत असते. मी २१५/७५ आर १५ या मापावर थांबलो आहे: व्यास साधारण ५ टक्के जास्त आणि पाट्यांना हात लावायची गरज नाही. इंजिनाची ताकद वाढवण्यापेक्षा ट्रान्सफर केस धडधाकट असणे जास्त मोलाचे आहे. हाय रेंजचे प्रमाण १.४०९ आणि लो रेंजचे २.२६८ आहे, म्हणजे नुसता दांडा ओढल्याने चाकांवरचा जोर सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, तीन रबरी माउंटवर टांगलेली असते; ते माउंट फाटले की गाडी हादरते आणि दांडा सुटतो, आणि लोक गिअरबॉक्स उघडत बसतात.

पाट्यांची उंची वाढवायची झाल्यास लांब शॅकल लावण्याचा स्वस्त मार्ग टाळावा. पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने ते लांब केले की ॲक्सल फिरतो, कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भरकटू लागते. ताणून सपाट झालेले पाटे नवे घालणे आणि बुश व शॉकॅब्सॉर्बर बदलणे एवढ्याने गाडी तिच्या मूळ उंचीवर येते, आणि हलक्या गाडीला ती जमिनीपासूनची २१० मिलिमीटरची उंची बहुतेक वाटांवर पुरते.

मी जे बदल मनापासून सुचवीन ते दिसायला किरकोळ आहेत. दोन्ही ॲक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याची छिद्रे) पाइपने लांबवून इंजिनाच्या खोलीत उंचावर न्यावेत. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडतो तेव्हा आतली हवा आकसते, आणि ब्रीदर तुंबलेला किंवा खाली असेल तर पाणी आत खेचले जाते. हेडलाइटला रिले लावावेत, म्हणजे विजेचा भार जुन्या स्विचवर येत नाही आणि मूळ क्षमतेच्या बल्बनेही उजेड वाढतो. पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले भक्कम ओढण्याचे हुक, चांगला दोर, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर आणि टायरचा दाब मोजायचे यंत्र ठेवावे. चिखलात दाब कमी करून मिळणारी पकड कोणत्याही महागड्या साहित्याने मिळत नाही, फक्त डांबरावर येताच हवा पुन्हा भरायला हवी.

गाडी चालू झाल्यावर फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका, कारण पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला फरक सोडवणारी सोय तिच्यात नाही आणि वळणावर सगळा ताण शाफ्ट व गिअरवर येतो. सुरुवातीच्या फेऱ्या गावाच्या आसपासच ठेवाव्यात. परत आल्यावर चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बोल्ट पुन्हा आवळावेत, ब्रेक ड्रमला आणि हबला हात लावून कुठले जास्त तापले आहे ते पाहावे. पहिल्यांदा पाण्यातून नेल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवून दुसऱ्या दिवशी ॲक्सलचा ड्रेन प्लग किंचित सैल करावा. आधी पाण्याचे थेंब आले किंवा तेल दुधट दिसले, तर ते तेल त्याच दिवशी बदलावे आणि सील तपासून घ्यावेत.