कलमं विकण्याआधी पीपीओ बघा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४३ वर्षांचा आहे. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, अधूनमधून फिटही येते. वडील गेल्यावर तो घरात आवरेना म्हणून मनोरुग्णालयात ठेवला, त्याला नऊ वर्षं झाली. आता डॉक्टर म्हणतात, त्याला इथं ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. पुण्याकडची एक संस्था १५ लाख रुपये, परत न मिळणारे, आणि वर महिना ६,००० रुपये घेऊन त्याला कायमचा ठेवून घेईल. चिपळूणला एक लहान संस्था चार जणांसाठी घर चालवते. तिथं महिना १६,००० आणि एक लाख परतीचं डिपॉझिट. मुंबईचा मोठा भाऊ म्हणतो, हापूसची साठ कलमं विकू, पुण्याला पैसे भरू आणि मोकळे होऊ. वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. आई ७० वर्षांची, तिला २४,००० कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. बँकेत ११ लाख आहेत. काय करावं? — गुहागर तालुक्यातील एक बहीण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आकडा १५ लाखांचा नाही, २४,००० चा आहे. आईनंतर हे निवृत्तिवेतन बंद होणार असं तुम्ही तिघांनीही धरून चाललेलं दिसतं. तसं नाही. स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ नुसार तहहयात मिळतं, वयाची अट नाही. मात्र त्यासाठी त्याचं नाव कागदावर हवं. जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र घ्या आणि आईच्या अर्जासोबत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे देऊन पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशात, नोंद करून घ्या. आई असताना हे काम दोनचार खेपांत होतं. नंतर ‘हा मुलगा कमावता नाही’ हे सिद्ध करताना तुमच्या चपला झिजतील.

आता पुण्याचा हिशेब. महिना ६,००० स्वस्त वाटतात खरे. पण १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,२३,००० व्याज येतं, म्हणजे महिना १०,२५०. हे व्याज तुम्ही सोडणार, वर ६,००० देणार. झाले १६,२५०. चिपळूणच्या डिपॉझिटचं बुडणारं व्याज धरलं तरी दोन्हीकडचा खर्च जवळपास सारखाच, आणि इथं मुद्दल गेलं ते गेलं. तिथं त्याला करमलं नाही, किंवा चार वर्षांनी संस्थेचे चालक बदलले, तर तुमच्या हातात काय उरतं? मला या व्यवहारात ‘कायमचा’ हा शब्दच खटकतो. नऊ वर्षं वॉर्डात काढलेला माणूस बाहेर कसा रमेल हे आज डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. बेत बदलावा लागला तर हाती पैसा पाहिजे, आणि ही ठेव नेमकी तीच सोय काढून घेते.

तुमच्या भावाच्या बाजूनं कायदा आहे हेही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे घर नाही, नातेवाईक नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. शिवाय त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजारच नव्हे. त्यामुळे बाहेर यायचा त्याला हक्क आहे, पण म्हणून उद्याच रिक्षा करून आणू नका. आधी दिवसभराची भेट, मग एक रात्र, मग आठवडा. फिटच्या गोळ्या कोण, किती वाजता देतो ते नव्या मदतनिसानं वॉर्डात जाऊन बघू दे. या दोनतीन महिन्यांच्या खेपा, भाडी, नवे कपडे, पलंग यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. आणि एक ओळ माझ्या हट्टापायी : महिना ५०० रुपये त्याच्या स्वतःच्या हातात. नऊ वर्षांत त्यानं टपरीवर चहासुद्धा घेतला नसेल.

चिपळूणला औषधपाणी धरून महिना १९,००० लागतील. आईचा खर्च १२,००० धरला तर निवृत्तिवेतनातून १२,००० उरतात, तूट ७,००० ची, वर्षाला ८४,०००. आईच्या नावे ६ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका, त्याचे वर्षाला ४९,२०० येतील. राहिले ३४,८००. ते मुंबईच्या भावानं द्यावेत, महिना २,९००. कलमं विकून मोकळं होण्यापेक्षा हे त्यालाही परवडेल. एक लाख डिपॉझिट, उरलेले चार लाख साध्या मुदत ठेवीत, हात लावायचा तो अडचणीतच. मदतनिसांचे पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले तर आजचे १६,००० दहा वर्षांनी साडेचौतीस हजारांच्या घरात जातात. महागाई भत्ता थोडं सावरेल, सगळं नाही. म्हणून कलमं ठेवा. करारावर दिलेल्या बागेचे पैसे मात्र महिन्याच्या खर्चात धरू नका. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं लागोपाठच्या वर्षांत आली, बागायतदाराला ते सांगायला नको. आले तर चार लाखांच्या ठेवीत भर.

तसंही कलमं विकणं मोठ्या भावाला वाटतं तितकं सोपं नाही. सातबारावर धाकट्याचंही नाव असणार. त्याच्या वतीनं सही करायला कायदेशीर पालक लागतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती तो नेमते. तुम्ही अर्ज करा, त्याच्या निवृत्तिवेतनाचं बँक खातं चालवायलाही ते प्रमाणपत्र लागेल. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, वही आजपासून ठेवा. त्याच न्यासाची निरामय योजनाही घ्या, एक लाखाचं आरोग्य कवच आहे.

आईचं मृत्युपत्र हवंच. त्यात पैसे थेट त्याच्या नावे नकोत, त्याच्यासाठी न्यास करून विश्वस्त दोन ठेवा : तुम्ही, आणि घराबाहेरचं कुणीतरी.

चिपळूणचं घर बघायला न सांगता जा, आणि संध्याकाळी सातनंतर जा. रात्री कोण असतं, वर्षभरात किती मदतनीस सोडून गेले, तीन महिने राहून पाहायची मुभा करारात आहे का, हे विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं तेही शेजाऱ्यांना विचारा. तळमजला असेल तर मी नाही म्हणेन. फिट येणाऱ्या माणसासकट चौघांना रात्री जिन्यानं वर कोण नेणार?

यंदा बाग करारावर देताना करारपत्रात धाकट्याचंही नाव घाला, आणि त्याच्या वाट्याचे पैसे वेगळ्या खात्यात जमा करा.