कथकच्या क्लासचं जून २०२६ ते मे २०२७ चं नियोजन

ताई, तुमचा प्रश्न असा: उपनगरात कथकचा क्लास आहे, चाळीसेक मुली येतात, आठवड्यातून दोन तास होतात. फी महिन्याला घेता, पण एप्रिल-मेमध्ये हाती काही उरत नाही. येत्या वर्षाची आखणी कशी करावी?

माझं सांगणं एकच आहे. फी ठरवण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि खरोखर होणारे तास मोजा. ५२ आठवड्यांचे १०४ तास होतात, पण ते फक्त कागदावर. गणपती-दसऱ्याचे पाच, दिवाळीचे चार, शाळेच्या दोन्ही सत्र परीक्षांचे चार, मुली गावाला जातात म्हणून मे महिन्यातले चार, आणि पाऊस, आजारपण, हॉल न मिळणं यात तीन. वीस गेले, राहिले ८४. शिकवायचं ते या ८४ तासांत आणि वर्षाचा खर्च निघायचा तोही यांतूनच.

यंदा गेल्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं उतरवून घेऊ नका. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येतात. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, यंदा १४ सप्टेंबरला. दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. संगीत-नृत्याच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरचं असतं. म्हणजे दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच परीक्षा. सुट्टीत आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लय सुटते. तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, पायांत राहतो, पण पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, विसरतात आणि तिहाई (तीनदा येणारा बोलांचा तुकडा) समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत नाही. म्हणून अभ्यासक्रम दसऱ्यापर्यंत पूर्ण व्हायला हवा. दसरा ते दिवाळी फक्त उजळणी, तीही शक्यतो लेहऱ्यावर (ताल दाखवणाऱ्या, सतत फिरणाऱ्या धुनेवर), तबल्याच्या साथीनं. साथीदाराला जूनमध्येच तारखा देऊन ठेवा, ऐनवेळी चांगले तबलजी मिळत नाहीत. प्रारंभिक किंवा प्रवेशिका प्रथम या पहिल्या दोन परीक्षांच्या ज्या मुलींची तयारी सप्टेंबरअखेर कच्ची वाटेल, त्यांना सरळ एप्रिल-मेच्या सत्रात बसवा. पालक नाराज होतील, होऊ द्या. घाईनं बसवलेल्या मुलीची नाचायची हौसच जाते आणि ती परत आणणं फार कठीण असतं.

तुमच्याकडे राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या मुली मिसळून असतील. सीबीएसईच्या मुलींची वार्षिक परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि एप्रिलमध्ये त्यांचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा बाकीच्या मुली परीक्षेत असतात. शक्य असेल तर त्या काळात बॅचेस शाळेप्रमाणे बदलून घ्या, नाहीतर रोज अर्धा वर्ग रिकामा दिसतो. आठवीतल्या मुलींच्या पालकांशी मात्र आत्ताच बोला. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांमुळे राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जातो. हे पालकांना दहावीच्या दिवाळीत आठवतं आणि तेव्हा हातात वेळ नसतो.

आता पैसे. आकडे उदाहरणादाखल देते, तुमचे घालून बघा. हॉलचं भाडं महिना ८,००० म्हणजे वर्षाचे ९६,०००. मदतनीस शिक्षिकेला महिना ६,००० म्हणजे ७२,०००. साथीदार, वीज, व्यवसाय कराचे २,५०० आणि किरकोळ मिळून ४२,०००. आणि तुमचा स्वतःचा पगार महिना २५,००० धरला तर ३,००,०००. हा शेवटचा आकडा बहुतेक जणी लिहीतच नाहीत आणि उरेल ते आपलं म्हणतात, म्हणूनच मेमध्ये काही उरत नाही. एकूण ५,१०,०००. याला चाळीसनं भागू नका. काही मुली मध्येच सोडतात, दहावीच्या मुली दिवाळीनंतर येत नाहीत, एखाद्या गुणी मुलीची फी तुम्ही मनापासून माफ करता. ३४ धरा. वर्षाचे १५,००० होतात, महिन्याला १,२५०. ८४ तासांनी भागलं तर तासाला १८० रुपयांच्या आत. पालकांना हा हिशेब मोकळेपणानं दाखवा.

वर्षाची फी म्हणून सांगा आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशा चार हप्त्यांत घ्या. 'मेमध्ये आम्ही नसतो' हा वाद तिथेच मिटतो, कारण मेची सुट्टी हिशेबात आधीच धरलेली आहे. पूर्ण वर्षाचे पैसे एकदम घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कुणाची बदली होते, कुणाच्या घरी अडचण येते, आणि खर्चून गेलेली फी परत देणं जड जातं. जीएसटीची काळजी इतक्या उलाढालीला करू नका, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे.

वार्षिक कार्यक्रम जानेवारीतच ठेवा, परीक्षा झालेल्या असतात आणि शाळेची धावपळ सुरू व्हायची असते. परीक्षेला बसवलेलेच तोडे (बोलांवरच्या छोट्या रचना) आणि आमद (प्रवेशाची रचना) रंगमंचावर आणा, वेगळं काही बसवण्यात महिना घालवू नका. त्याचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. पोशाख आणि नाट्यगृहाची वर्गणी वेगळी घ्या आणि तिचा जमाखर्च पालकांना लेखी द्या. नाट्यगृहाची तारीख मात्र शक्य तितक्या लवकर पक्की करा, जानेवारीतले शनिवार-रविवार शाळांची स्नेहसंमेलनं आधीच अडवून ठेवतात.