शेतातल्या शेवरलेबद्दल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. १९५१ ची शेवरले ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. हौदा गायब, केबिनचे खालचे कोपरे गंजून गेलेले, आणि बॉनेटखाली मूळच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर उंदरांचा सुखाचा संसार. पूर्व कोलोराडोच्या कोरड्या हवेत होती म्हणून एवढी तरी उरली. ओहायोत असती तर रस्त्यावरच्या मिठानं तिला केव्हाच संपवलं असतं.

हिची रॅट रॉड, म्हणजे मुद्दाम गंजकी नि ओबडधोबड ठेवलेली बदलगाडी, करू का, असं विचारलंयस. खुशाल कर. हिला मूळ रूपात आणायला जेवढा पैसा ओतशील, तेवढ्यात एखादी धडधाकट पिकअप दारात येऊन उभी राहील. ही सगळ्या भागांनिशी शाबूत असती, तर मात्र मी तुला ग्राइंडर लावू दिला नसता. चांगली गाडी कापणं मला पटत नाही, मग लोक मला जुनाट म्हणोत.

पण आधी कागद. गाडी बेवारस दिसली म्हणून ती बेवारस नसते. शेत ज्याचं त्याचीच गाडी, असंही नसतं. ती त्याच्या मेलेल्या मेव्हण्याच्या नावावर निघू शकते. त्या काळात काही राज्यांत गाडीची नोंद इंजिनाच्या नंबरावर होत असे. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या खांबावरची पट्टी आणि इंजिन ब्लॉकवर ठोकलेला नंबर, दोन्हींचे स्वच्छ फोटो काढून ठेव. पुढे इंजिन बदललंस आणि कागदावर जुन्याच इंजिनाचा नंबर असला, तर कपाळाला हात लावायची पाळी येईल. विक्रीपत्रावर सही, नंबरची तपासणी, आणि टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, हरवलं असेल तर बाँड भरून नवं टायटल. हे होईपर्यंत तिच्यावर एक डॉलरही खर्च करू नकोस. टायटल नसलेली गाडी घडवून पूर्ण करणारे आणि मग ती सुट्या भागांच्या भावात विकणारे लोक मी पाहिलेत.

त्या उंदरांचंही ऐक. घरटी झाडून काढायची नाहीत. तिकडच्या रानउंदरांच्या लेंड्यांमधून हंताव्हायरस पसरतो; १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोराडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात त्यानं माणसं दगावली होती. दारं उघडून अर्धा तास लांब थांब, मास्क आणि हातमोजे घाल. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याचं मिश्रण मारून सगळं ओलं करून ठेव आणि मगच उचल. कोरडी झाडू नाही, हवेचा पाइपही नाही. जुन्या ब्रेकच्या लायनिंगलाही हाच नियम, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

आता इंजिन. २१६ घन इंचांचं, म्हणजे साडेतीन लिटरचं. ताकद ९० अश्वशक्तीच्या आसपास. तू लिहितेस की ते जाम आहे आणि मित्र म्हणतोय, दुसऱ्या गाडीला बांधून गिअरमध्ये ओढू. त्याला चहा पाज आणि घरी पाठव. सगळे प्लग काढ. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ओत आणि तिला विसरून जा. रोज संध्याकाळी डोकावायचं, पातळी उतरली असेल तर पुन्हा भरायचं. सिगारेट ओढणाऱ्याला जवळ फिरकू द्यायचं नाही. दरम्यान वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह बघ. प्रत्येकावर लाकडी मुठीनं हलकेच ठोक. दबून परत वर आला तर ठीक. अडकलेला व्हॉल्व्ह तसाच ठेवून क्रँक फिरवलास तर त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकलीच म्हणून समज.

मग खाली सरपटत जा, फ्लायव्हीलचं झाकण उघड आणि दात्यांत पहार अडकवून रेट. एकाच दिशेनं जोर लावू नकोस. थोडं पुढे, थोडं मागे. आधी काहीच होत नाही. मग कधीतरी केसभर हलल्यासारखं वाटतं, आणि खरंच हललं की पहार वाकली, हे कळत नाही. म्हणून दात्यावर खडूनं खूण करून ठेवायची. खूण सरकली की त्या दिवशी तिथंच थांबायचं आणि पुन्हा तेल ओतायचं. घाई करणाऱ्याच्या हातात तुटलेली पिस्टन रिंग येते.

फिरायला लागलं तरी लगेच स्टार्टर मारू नकोस. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला बॅबिट हा मऊ धातू ओतून केलेली बेअरिंग असतात, आणि रॉडच्या टोकाचे छोटे चमचे चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या, पन्हाळीतून तेल उडवून ती ओली ठेवतात. इतक्या वर्षांचा गाळ त्या पन्हाळींत थिजून बसलेला असणार. चेंबर उतरव, खरवडून साफ कर, मगच नवं तेल. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच आहे; तिच्यातल्या पेट्रोलचं एव्हाना व्हार्निश झालं असेल. तिला हात न लावता बाहेरच्या छोट्या टाकीवरून इंजिन चालव. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. बॅटरी ६ व्होल्टची, हे विसरू नकोस.

ते चालू झालं तर काही दिवस तेच वापर. सगळे सांगतील, ३५० घन इंचांचा आठ सिलिंडरचा व्ही-८ टाक. टाकता येतो, पण तुझ्या गाडीचा मागचा शाफ्ट एका बंद नळीत आहे. म्हणजे इंजिन बदललं की गिअरबॉक्स, गिअरबॉक्स बदलला की शाफ्ट, शाफ्ट बदलला की मागचा एक्सल. एका धाग्याला हात घालायचा आणि अख्खा स्वेटर उसवायचा, असलं काम आहे ते. २१६ अगदीच गेलं असेल तर १९५४ नंतरच्या ट्रकमधलं २३५ शोध. त्यात सगळ्या बेअरिंगना दाबानं तेल मिळतं आणि ते याच जागी बऱ्यापैकी बसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉक, एल मिराजच्या वाळलेल्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवायची. जे हाताशी ते लावायचं, जे नको ते काढून फेकायचं. पुढे अशा वेगासाठी बदललेल्या गाड्या, म्हणजे हॉट रॉड, इतक्या चकचकीत आणि महाग झाल्या की मालकच त्या चालवायला घाबरू लागले. १९९० च्या सुमारास त्याला कंटाळलेल्यांनी पुन्हा रंग न दिलेल्या, गंजक्या, ओबडधोबड गाड्या बांधायला घेतल्या. आता त्याचीही फॅशन झाली आहे. नव्या पत्र्यावर आम्ल मारून गंज आणतात, स्टिअरिंगच्या जागी साखळी वेल्ड करतात, गिअरच्या दांड्याला कवटी लावतात. कवटी लाव बापडी, माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय: ओबडधोबडपणा पत्र्यावर शोभतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि चासीच्या जोडांत तो आला की ती गाडी माणूस मारते.

तुझ्या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे, पायाखाली, फ्लोअरच्या खाली. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. अमेरिकेत दोन कप्प्यांचे सिलिंडर १९६७-६८ पासून सर्रास आले, तसाच बसव. गाडी खाली बसवल्यावर सिलिंडर चाकांपेक्षा खालच्या पातळीला गेला तर तेल मागे ओघळतं आणि पहिल्या दाबात पॅडल नुसतंच खाली जातं. त्यासाठी पाइपमध्ये दाब धरणारा व्हॉल्व्ह लागतो, डिस्क ब्रेकला २ पीएसआयचा (दर चौरस इंचाला पौंड), ड्रम ब्रेकला १० चा. पाइप कॉपर-निकेलचे, टोकं डबल फ्लेअर केलेली, म्हणजे फुलवून दुहेरी दुमडलेली. साधी तांब्याची नळी नको.

उंची ठरवताना एक दोरी घे. एका बाजूच्या रिमच्या खालच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टायरच्या तळापर्यंत ताण. त्या दोरीच्या खाली गाडीचा एकही भाग येता कामा नये, नाहीतर टायर फुटल्यावर चासीच रस्त्यावर घासणार. चासी कापून मागून उचलायची असेल तर जोडावर चौकटच्या पत्त्यासारख्या आकाराची पट्टी लाव. सरळ उभा जोड एका रेषेत तडकतो. आणि हा जोड तू करू नकोस. तुझ्या वेल्डिंगचे नमुने मी पाहिलेत, हात बसत चाललाय. फ्लोअरचे पत्रे, केबिनचे कोपरे मनसोक्त जोड, तिथंच हात तयार होईल. चासी आणि सीटबेल्टच्या पकडी मात्र रोज तेच काम करणाऱ्याकडून. स्टिअरिंगच्या भागांवर क्रोम चढवलेलं असेल तर त्यावर वेल्ड अजिबात नाही. शिवाय वेल्ड करायच्या जागी क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारू नकोस. आर्कच्या उष्णतेनं त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे.

गंजाचा आणि जुन्या हिरव्या रंगाचा जो मेळ जमलाय तो ठेव, मलाही आवडला. भांड्यांच्या साबणानं धू, सुकव, बॉइल्ड लिन्सीड तेलात मिनरल स्पिरिट मिसळून फडक्यानं पातळ हात दे. ती फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटतो. एकेक फडकं बाहेर पसरून वाळव, नाहीतर पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडव.

हो, तुझा सांगलीचा मामेभाऊ तुझे फोटो बघून आजोबांची जीप कापायला निघालाय म्हणे. त्याला आवर. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, असं सांगितलंय. उद्यमनगरातले माझे जुने सोबती ती जीप मूळ रूपात सुरेख करून देतील, त्यांचे नंबर मी त्याला कळवतो.

टायटलचं काय होतं ते कळव. ते झालं की मी पहार, दोन जॅक आणि स्टँड घेऊन एक आठवडा येतो. तोवर केबिनखाली चासीला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ आणि जिथे जिथे आत जाईल तिथे खडूनं गोल कर. मागचे पाटे जिथे अडकवलेत, तिथे आधी.

तुझा,
काका