झोंबलं म्हणजे लागू पडलं का?

गेल्या अंकात दाढीनंतर चेहऱ्याला काय लावावं यावर पत्रं मागवली होती. पिशवीभर आली. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, न्हावी आहे. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत 31 वर्षं सलून चालवतोय. आजोबा आठवडी बाजारात पिंपळाखाली पोतं टाकून बसायचे, वडिलांनी दुकान थाटलं आणि मी त्याला आरसे लावले. रोज निदान पंधरा-वीस चेहरे हाताखालून जातात. त्यातून जे कळलं तेच सांगतो. जे डॉक्टरांचं काम आहे, तिथे डॉक्टरांकडेच पाठवतो.

मी 20 वर्षांचा आहे, चिंचवडला इंजिनिअरिंगला. चेहरा तेलकट आहे, दुपारपर्यंत नाक चमकायला लागतं आणि गालांवर मुरुम आहेत. बाबांचा आफ्टरशेव्ह वापरतो. जाम झोंबतो. मित्र म्हणतो, झोंबलं की जंतू मेले समज. मग मुरुम का जात नाहीत? — एक विद्यार्थी, चिंचवड

बाळा, हा समज माझ्या दुकानात रोज एकदा तरी ऐकू येतो. नुकताच दाढी झालेला गाल दिव्याखाली जवळून बघ. केसांबरोबर कातडीचा वरचा बारीक पापुद्राही पात्याने खरवडून नेलेला असतो. डोळ्याला दिसणार नाहीत अशा चिरा पडतात आणि त्या चिरांत अल्कोहोल शिरलं की आग होते. आग होते म्हणजे कातडी उघडी पडली आहे, एवढंच. जखम बरी होत असल्याची ती खूण नाही.

आजोबांच्या काळी एकच वस्तरा दिवसभर दहा गालांवर फिरायचा. तेव्हा दाढीनंतर जंतू मारणारं काहीतरी लागायचंच. तू स्वतःचं पातं स्वतःच वापरतोस. शिवाय मुरुम वरून येत नाही, केसाच्या मुळाशी तेल तुंबतं तिथून येतो. वरून शिंपडलेलं अल्कोहोल तिथवर पोचत नाही. ते फक्त वरचं तेल पुसून नेतं. तास-दोन तास चेहरा कोरडा वाटतो, मग कातडी चिडते आणि होते तेच मुरुम लालबुंद होतात.

तुला पाण्यासारखा हलका जेल हवा. बाटलीच्या मागे ग्लिसरीन, नायसिनामाइड, कोरफड यांपैकी काही दिसलं तर चांगलं. घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते, त्यामुळे पहिली चार-पाच नावं वाचली तरी पुरतं. त्यात ‘अल्कोहोल डिनॅट’ दिसलं तर बाटली परत फडताळात ठेव. पण ‘सिटाइल अल्कोहोल’ किंवा ‘सिटिअरिल अल्कोहोल’ दिसलं तर घाबरू नकोस. नाव तेच असलं तरी तो मेणासारखा मऊ पदार्थ असतो आणि तो झोंबत नाही. खोबरेल तेल आणि दाट बाम (दाढीनंतर लावायचं घट्ट क्रीम) तुझ्यासाठी नाहीत, छिद्रं आणखी बुजतील.

थंडगार वाटतं म्हणून मेंथॉलवालं घेऊ नकोस. मेंथॉल गार लागल्याचं कळवणाऱ्या नसा जाग्या करतं. कातडी होती तेवढीच गरम राहते आणि आग फक्त झाकली जाते. आणि पिकलेल्या मुरुमावरून पातं फिरवायचं नाही. तेवढी जागा सोडून दाढी कर, वाईट दिसत नाही.

वय 68, निवृत्त शिक्षक, वाई. चाळीस वर्षं दाढीनंतर तुरटी फिरवतो. हल्ली दोनेक वर्षांपासून गाल ओढल्यासारखे होतात आणि हनुवटीवर पांढरे पापुद्रे निघतात. तुरटी सोडावी का? रक्त पातळ होण्याची गोळीही चालू आहे.

गुरुजी, तुरटी सोडू नका, तिची जागा बदला.

तुरटीचा खडा ओल्या कातडीवर फिरवला की वरच्या थरातली प्रथिनं आकसतात, म्हणून रक्त थांबतं आणि चेहरा घट्ट झाल्यासारखा वाटतो. तरुणपणी तेलग्रंथी भरपूर तेल सोडतात, तेव्हा हे चालून जातं. वय वाढलं की तेल कमी होतं आणि तोच खडा उरलासुरला ओलावाही ओढून घेतो. तुमची तुरटी बदललेली नाही, गाल बदलला आहे.

त्यामुळे जिथे कापलं असेल तिथेच खड्याचा ओला कोपरा दहा-पंधरा सेकंद टेकवून धरा. घासू नका. मिनिटभराने पाण्याने धुऊन टाका, पांढरा थर वाळू देऊ नका. बाकी चेहऱ्याला बिनवासाचा, बिनअल्कोहोलचा बाम लावा. ग्लिसरीन किंवा शिया बटर असलेला चालेल. चेहरा पंचाने टिपायचा, चोळायचा नाही, आणि थोडा ओलसर असतानाच हरभऱ्याएवढा बाम दोन्ही तळव्यांवर पसरून गालांवर दाबायचा. कोरड्या गालावर लावला तर तो वरच राहतो, आतला ओलावा धरून ठेवत नाही. घरात ग्लिसरीन असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणी किंवा गुलाबजल घाला. नुसतं ग्लिसरीन चिकचिकतं.

गोळी चालू असताना कापलं तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांना कळवा. खरं सांगायचं तर तुमच्यासाठी आता बॅटरीवरचं ट्रिमर जास्त सुरक्षित आहे.

आणखी एक, हे सगळ्याच वाचकांसाठी. तुरटीचा खडा ज्याचा त्याचा असावा. आमच्या धंद्यात एकच खडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गालांवर फिरतो, आणि तो फिरतो नेमका रक्त आलेल्या जागी. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ रक्तातून पसरतात. पातं नवं आहे की नाही हे गिऱ्हाईक आवर्जून बघतं, खड्याकडे कोणी बघत नाही. मी खडा फोडून वाटाण्याएवढे तुकडे बरणीत ठेवतो, वापरला की टाकून देतो. तुमच्या न्हाव्याला स्पष्ट सांगा. तो रागावणार नाही. रागावला तर दुसरा न्हावी शोधा.

माझे यजमान पोलीस खात्यात आहेत, रोज दाढी करावी लागते. गळ्यावर बारीक कडक पुटकुळ्या येतात, त्या गेल्या की काळे डाग राहतात. तीन-चार वेगवेगळे आफ्टरशेव्ह आणून झाले. कोणता आणू? — एक वाचक, सोलापूर

ताई, आता बाटली आणू नका. दोष बाटलीत नाही.

त्यांचा केस राठ आणि वळणाचा असणार. गळ्यावरची एक पुटकुळी उजेडात धरून बघा, आत वेटोळं घातलेला काळा केस दिसेल. दोन, तीन, पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं कापतं. उरलेला खुंट कातडीच्या आत जाऊन बसतो. सरळ केस तिथून सरळ बाहेर येतो, पण वाकडा केस आतल्या आत कातडीतच घुसतो. शरीर त्याला काट्यासारखं समजतं, म्हणून सूज येते. दोन पात्यांचं रेझर 1971 साली आलं, तीन पात्यांचं 1998 साली. दरवेळी ‘आणखी गुळगुळीत’ असंच सांगितलं गेलं, पण वळणाच्या केसांना ही गुळगुळीत दाढीच नडते.

त्यांना सांगा, आधी हाताने गळा चाचपायचा. घाटीच्या, म्हणजे गळ्यावरच्या उंचवट्याच्या, डाव्या-उजव्या बाजूला केसांची दिशा बहुधा वेगवेगळी असते, घाटीखाली तर कित्येकांचे केस वर वळलेले असतात. बोट ज्या दिशेने सहज सरकतं तीच सुलटी दिशा. एकाच पात्याने, सुलटा हात, एकदाच. उलटा हात मारायचा नाही, कातडी ताणायची नाही. दाढी आंघोळीनंतर, केस भिजून मऊ झालेले असताना करायची. यानेही कमी झालं नाही तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवायचा. त्वचेच्या डॉक्टरांचा दाखला घेतला तर साहेबांशी बोलता येतं. मागायला लाज कसली? गळा त्यांचा आहे.

अडकलेला केस चिमट्याने मुळापासून उपटू नये, पुढच्या वेळी तो आणखी खोल अडकतो. दाढीनंतर बिनवासाचा हलका जेल पुरे. ज्या रात्री गळा शांत असेल त्या रात्री सॅलिसिलिक ॲसिडचं सौम्य लोशन लावलं तर छिद्रांवरचे पापुद्रे सुटतात, पण ताज्या दाढीवर ते लावायचं नाही.

डाग ही आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीची खास अडचण. सूज आली की तिथे रंग साचतो आणि उन्हाने तो गडद होतो. तुमचे यजमान चौकात उन्हात उभे राहत असतील, तर दाढीनंतरच्या बाटलीपेक्षा त्यांना एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन जास्त गरजेचं आहे. गळ्यालाही लावायचं. डाग जायला महिने लागतात. धीर धरा, पण नव्या पुटकुळ्या थांबवल्याशिवाय जुने डाग मोजत बसू नका.

आणि हात जोडून सांगतो, मेडिकलमधून ‘डाग घालवणारं’ मलम आणू नका. अशा कित्येक मलमांत स्टिरॉइड असतं. पहिला आठवडाभर चेहरा कसा छान उजळ दिसतो! पुढे कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात आणि मलम थांबवलं की आगडोंब उसळतो. असे चेहरे माझ्या खुर्चीत आले आहेत. ब्रश टेकवला तरी माणूस कळवळतो. 2018 साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची कितीतरी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती अजूनही सहज मिळतात. कोणी आधीच वर्ष-सहा महिने लावत असेल तर मनाने एकदम बंदही करू नये. सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

धाकट्या भावाचं लग्न आहे. त्याची त्वचा फार नाजूक आहे, काहीही लावलं की लाल होते. लग्नात लाली येऊ नये म्हणून काय वापरावं? — कराड

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका नवरदेवाची दाढी मी हळदीच्या दिवशी सकाळी केली होती. गुळगुळीत व्हावी म्हणून सुलटा हात, मग उलटा हात, वर तळहातभर वासाचा आफ्टरशेव्ह. तासाभरात घरच्या बायकांनी हळद लावली. दुपारी पोरगा गाल धरून दुकानात आला. दोन्ही गाल टोमॅटोसारखे लाल, कानशिलापर्यंत सुजलेले. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पण अक्षता पडल्या त्या तशाच चेहऱ्यावर. त्या घरातल्या अल्बममध्ये तो चेहरा अजून आहे. त्यात हळदीचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. हळदीच्या किमान एक दिवस आधी दाढी, फक्त सुलटी. हळदीच्या दिवशी चेहऱ्याला पातं लावायचं नाही. लग्नाच्या सकाळी पुन्हा सुलटा हात, वर बिनवासाचा बाम.

नवी वस्तू लग्नाच्या आठवड्यात आणू नका, आत्ताच आणा. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, सात दिवस लावून बघा. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तरच चेहऱ्याला. नाजूक कातडीला बहुतेक वेळा वासच सोसत नाही. बाटलीवर ‘पर्फ्यूम’, ‘लिमोनिन’, ‘लिनालूल’ असं लिहिलं असेल तर ती भावासाठी नाही. ‘नैसर्गिक तेलं’ असं लिहिलेलं असलं तरीही नाही, कारण लिमोनिन लिंबू-संत्र्याच्या सालीतूनच येतं.

आमच्याकडे दाढीनंतर लिंबाची फोड चोळतात. चालेल का? — रत्नागिरी

नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते, कधी फोड येतात आणि मागे राहिलेला काळा डाग कित्येक आठवडे हलत नाही. तुमच्याकडचं ऊन तर विचारायलाच नको.

महागड्या बामला पैसे नाहीत. दोनशे रुपयांत काय येईल? आणि वडिलांच्या आफ्टरशेव्हचा वास मला फार आवडतो, तो सोडवत नाही.

बाटलीवर ‘आफ्टरशेव्ह’ हा शब्द असलाच पाहिजे असं कुठे आहे? साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर तेच काम करतं आणि त्याची छोटी बाटली दोनशेच्या आत मिळते. घरातल्या बाईमाणसांचं असेल तर त्यातलंच घ्या, गालाला फरक कळत नाही.

वडिलांच्या वासाचं मला समजतं. माझ्या वडिलांच्या हातांना येणारा साबणाचा आणि आफ्टरशेव्हचा वास मला अजून दुकानाच्या कपाटात येतो. सोडू नका तो. गालाला लावण्याऐवजी सदऱ्याच्या कॉलरला आतून दोन थेंब लावा. सुती कापडात वास जास्त वेळ टिकतो, आणि मान खाली घातली की तुम्हालाही येतो.