फुगडी थांबल्यावर घर का फिरत राहतं? तोल कानात असतो म्हणजे नेमकं काय?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. मंगळागौरीला फुगडी घालून थांबल्यावर पाय जमिनीवर घट्ट असूनही घर गरगरताना का दिसतं. "तोल कानात असतो" असं डॉक्टर म्हणाले त्याचा अर्थ काय. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की घाटात गाडी तुम्हालाच का लागते, गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला का नाही. मी डॉक्टर नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. चार वर्षांपूर्वी माझ्याच कानाने मला असं काही फिरवलं की तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलोय. तो किस्सा पुढे येईलच.

आधी स्वयंपाकघरात चला. पसरट पातेल्यात पाणी घ्या, वर कोथिंबिरीची दोन-तीन पानं सोडा आणि पातेलं जागच्या जागी झटकन वळवा. पातेलं वळतं, पानं होती तिथेच राहतात. आता तेच पातेलं फिरत्या खुर्चीवर (घरात जुनं जातं असेल तर फारच छान, त्याच्यावर) ठेवून मिनिटभर एका लयीत फिरवत राहा. हळूहळू पाणी पातेल्याच्या तालाला लागतं, पानंही सोबत फिरू लागतात. मग पातेलं एकदम धरा. पातेलं थांबलं, पाणी फिरतंच आहे. तुमच्या फुगडीचं उत्तर या पातेल्यात आहे.

कानाच्या आत खोलवर, कठीण हाडात, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना काटकोनात भेटतात, साधारण तशी त्यांची मांडणी. डोकं कोणत्याही दिशेने वळलं तरी निदान एका नलिकेला ते कळतंच. एकेका नलिकेचा वळसा जेमतेम वाटाण्याएवढा, आतली पोकळी तर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आत पाण्यासारखा द्रव. प्रत्येक नलिकेला एका जागी फुगवटा असतो आणि त्या फुगवट्यात जेलीसारखा एक पडदा, क्युपुला, वाट अडवून उभा असतो. त्या पडद्यात खालच्या रोमपेशींचे (हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशींचे) केस रोवलेले असतात. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मागे रेंगाळतो, पडद्यावर दाब येतो, पडदा वाकतो, केस वाकतात. केस एका बाजूला वाकले तर नसेतले विद्युत ठोके वाढतात, उलट बाजूला वाकले तर कमी होतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डोकं स्थिर असतानाही या नसा गप्प बसलेल्या नसतात. माकडांवरच्या मोजमापांत त्या काहीच न घडता सेकंदाला सुमारे ९० ठोके देताना आढळल्या. एवढी उधळपट्टी कशाला? तर तागडीसाठी. मान उजवीकडे वळवली की उजव्या कानाचे ठोके वाढतात, डाव्याचे घटतात, आणि मेंदू दोन्ही पारड्यांतला फरक वाचतो. नस मुळात शांत असती तर तिला "वाढलं" एवढंच सांगता आलं असतं, "घटलं" हे सांगायची सोय राहिली नसती. या तागडीची दुसरी बाजूही आहे. कधी एका कानाची नस सुजून अचानक मंदावते. डोकं उशीवर निवांत असतं, पण एक पारडं हलकं झालेलं असतं. मेंदू त्याचा अर्थ "डोकं जोरात फिरतंय" असाच लावतो. अशा माणसाला दोन-दोन दिवस डोळे उघडवत नाहीत.

हा निरोप जातो कुठे? पहिल्यांदा जातो डोळ्यांकडे, आणि हेच लोकांना ठाऊक नसतं. हातातला मोबाइल डोळ्यांसमोर धरून सेकंदाला दोनदा डावी-उजवीकडे हलवा आणि हे वाक्य वाचून पाहा. अक्षरं पुसट होतील. आता मोबाइल स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने "नाही, नाही" अशी मान हलवा. वाचता येतं! पहिल्या वेळी डोळ्यांना अक्षरांचा पाठलाग करावा लागतो, आणि बघून पाठलाग करायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. दुसऱ्या वेळी कान डोळ्यांना सांगतो की डोकं इतकं डावीकडे गेलं, तुम्ही तितकेच उजवीकडे जा. मध्ये फक्त तीन चेतापेशींची साखळी, काम होतं सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात.

हे नसेल तर काय होतं? क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन नवं आलं तेव्हाची गोष्ट आहे. त्या औषधाने काही रुग्णांच्या तोलाच्या रोमपेशी मरत, आणि माणसात त्या पुन्हा नीट उगवत नाहीत. असाच तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला. पलंगावर पडून वाचायचं तर उशाच्या गजांमध्ये डोकं घट्ट रोवून धरावं लागे, नाहीतर नाडीच्या ठोक्यागणिक पानावरची अक्षरं उडत. रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नसे. आपण चालताना डोकं किती हिंदकळतं याची आपल्याला दादच नसते, कारण कान ते परस्पर निस्तरत असतो.

आता फुगडी. सुरुवातीला द्रव मागे राहतो, पडदा वाकतो, आपण फिरतोय हे कान बरोबर सांगतो. फुगडी रंगात आली की द्रवही डोक्याबरोबर फिरू लागतो आणि वाकलेला पडदा काही सेकंदांत सरळ होतो. मेंदू तो निरोप थोडा वेळ साठवून ताणतो, तरी पंधरा-वीस सेकंदांत कानाच्या लेखी तुम्ही थांबलेल्या असता. मग हात सुटतात, तुम्ही खरोखरच थांबता, पण द्रव थांबत नाही. तो पडद्याला पुढे ढकलतो, म्हणजे आधीच्या उलट बाजूला वाकवतो. कान छातीठोकपणे कळवतो की उलटं फिरणं सुरू झालं. डोळे बिचारे आज्ञाधारक. ते त्या खोट्या फिरण्याची भरपाई करायला एका बाजूला सरकत जातात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. डोळे असे सरकत असले की भिंत सरकताना दिसणारच. फुगडी सुटल्या सुटल्या मैत्रिणीच्या बुबुळांकडे बघा, नाचताना दिसतील.

हे मी वर्गात करून दाखवायचो. प्राचार्यांच्या केबिनमधली फिरती खुर्ची (कुरकुरायची फार) प्रयोगशाळेत आणायची, एका मुलाला डोळे मिटून बसवायचं आणि फिरतोयस त्या दिशेला अंगठा दाखव म्हणायचं. आम्ही एका संथ वेगाने फिरवत राहायचो. थोड्या वेळाने त्याचा अंगठा सरळ व्हायचा: "सर, थांबलं." खुर्ची फिरतच असायची आणि वर्ग हसू दाबत असायचा. मग खुर्ची खरंच थांबवली की अंगठा ठामपणे उलट दिशेला! एका मुलीने विचारलं होतं, "सर, इतकं चुकतं तर देवाने हे यंत्र दिलं कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर सुचलं नाही. आज देईन: हे यंत्र मान वळवण्यासाठी आहे, गरगर फिरण्यासाठी नाही. हाक आली, मान वळली, थांबली, सगळं सेकंदभरात. नळी मुद्दाम इतकी अरुंद आहे की आतल्या द्रवाचा चिकटपणा तिथे फार भारी पडतो. जोर लागतो तो त्वरणाचा, पण या छोट्या हालचालींत पडद्याचं वाकणं वेगाच्या प्रमाणात येतं. त्वरणावरून वेग काढायचं कॅल्क्युलसचं गणित नळीच्या आकारानेच सोडवलेलं आहे. मिनिटभर एकाच दिशेने फिरणारा प्राणी निसर्गाच्या हिशेबातच नव्हता.

नलिका फक्त वळणं ओळखतात. लिफ्ट सुटली, एसटीने करकचून ब्रेक मारला, मान कलली, हे कळतं शेजारच्या दोन पिशव्यांना, युट्रिकल आणि सॅक्युल. त्यांच्यातही रोमपेशी आणि वर जेली, पण जेलीवर कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक स्फटिकांचा थर असतो. चुनखडी किंवा अंड्याचं टरफल असतं तेच द्रव्य. (खडू म्हणणार होतो, पण शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो.) स्फटिक जड, त्यामुळे डोकं कललं की ते उताराकडे सरकू पाहतात, गाडी सुटली की मागे रेंगाळतात. यात एक पेच आहे: मान मागे कलली काय आणि गाडीने पुढे वेग घेतला काय, स्फटिक दोन्ही वेळा मागेच ओढले जातात. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना डोळे मिटून बघा. चाकं जमिनीवरच असतात, पण नाक वर उचललं गेल्यासारखं वाटतं. गुरुत्व आणि त्वरण यांत आतून फरक करता येत नाही हे आइन्स्टाइनने सांगितलं, पण कानाची ही अडचण त्याच्या कितीतरी आधीची.

आणि माझा किस्सा याच स्फटिकांचा. पहाटे कुशीवर वळलो आणि खोली उलटीपालटी झाली. पंखा, कपाट, खिडकी एका दिशेने धावत होती. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. पुन्हा वळलो, पुन्हा तेच. ही म्हणाली पित्त असेल. शेजाऱ्यांनी मानेच्या मणक्यावर ठपका ठेवला. मला मनातून पक्षाघाताची भीती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला तपासणीच्या पलंगावर बसवलं, मान उजवीकडे अर्धवट वळवून झटकन आडवं केलं, डोकं किंचित खाली लोंबतं ठेवलं आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. खोली फिरली, डोळे नाचले, ते म्हणाले, "सापडलं." युट्रिकलमधले काही स्फटिक सुटून मागच्या नलिकेत घरंगळले होते. वळणं मोजायच्या नळीत खडे शिरले की मी कुशीवर वळून थांबलो तरी ते खाली घसरत राहणार, द्रवाला ओढणार आणि पडदा वाकवणार. औषध? गोळी नाही. मान एका ठरावीक क्रमाने वळवत खडे नळीतून फिरवून परत पिशवीत ओतायचे. लहानपणी हातात धरून तिरपा करत गोळी भोकात पाडायचा तो भूलभुलैयाचा डबा आठवला. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास मांडलेली ही युक्ती. दुसऱ्या वेळेला मी बरा झालो. पण व्हिडिओ बघून परस्पर करू नका. नलिका कोणती आणि कान कोणता हे आधी कळायला हवं. आणि चक्करेसोबत बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हात-पाय लुळे वाटत असतील, तर कान सोडा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

याच विषयावर १९१४ चं नोबेल आहे. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत. पाणी गार असलं की रुग्णाला चक्कर यायची; एकदा फारच गरम पाणी गेलं तेव्हाही आली, पण डोळे उलट दिशेने नाचले. त्यांनी ताडलं की तापलेला द्रव वर चढतो, गार झालेला खाली येतो, बंबातल्या पाण्यासारखा. डोकं न हलवता नळीतला द्रव हलवायची ही तऱ्हा. आजही ३० आणि ४४ अंश सेल्सिअसच्या पाण्याने एकेक कान वेगळा तपासतात. नोबेल जाहीर झालं तेव्हा बारानी रशियात युद्धकैदी होते. पुढे १९८३ मध्ये अंतराळात, जिथे गरम वर आणि गार खाली असं काही नसतंच, हाच प्रयोग केला तर तिथेही डोळे नाचले! म्हणजे बारानींचं स्पष्टीकरण बरोबर, पण पुरतं नव्हे.

उरली तुमची घाटातली मळमळ. मागच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये बघत असता तेव्हा डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतो वळण, ब्रेक, पुन्हा वळण. दोन साक्षी जुळत नाहीत आणि शिक्षा पोटाला. नवऱ्याला पुढचं वळण आधी कळतं, कारण ते तोच घेतो. त्याच्या मेंदूला कानाचा निरोप येण्यापूर्वीच अंदाज असतो. यात कानाचा हात किती, याचा पुरावा मजेदार आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने अंतराळ प्रवासाच्या तयारीसाठी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातले अकरा पुरुष निवडले. त्यांच्यातल्या बहुतेकांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती, सोबत तोलाचं यंत्रही. नोव्हा स्कॉशियाच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं. ते पत्ते कुटत बसले. शास्त्रज्ञच इतके आजारी पडले की प्रयोग आवरता घ्यावा लागला.

तेव्हा तुमच्या कानात कमी काही नाही, ते चोख काम करताहेत. पुढच्या सीटवर बसा, नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाइल पर्समध्ये. आणि गाडी चालवता येत असेल तर पुढच्या वेळी पसरणी घाट तुम्ही चढवा आणि नवऱ्याला मागे बसवून हातात वर्तमानपत्र द्या. पाचगणी येईपर्यंत तो खिडकीची काच खाली करायला लावतो की नाही, मला कळवा.