घरात सगळेच ताण पटकन घेणारे असतील तर सिगारेट सोडताना

तुम्ही लिहिलंत, सिगारेट सोडायची आहे, पण वडील आणि काका दोघेही सोडल्यावर ताण आला की पुन्हा ओढायला लागायचे. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार निकोटीनच्या व्यसनात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, आणि ताणाला शरीर किती जोरात प्रतिसाद देतं तेही काही अंशी वारशानं येतं. पण म्हणून तुमचं काही ठरून गेलंय असं नाही. तयारी मात्र जास्त लागेल.

नवखे इथे फसतात: सिगारेटने ताण जातो असं वाटतं. बहुतेकदा जाते ती आधीच्या सिगारेटनंतरची तलफ.

सुरुवातीला एवढंच करा:

- तारीख ठरवा, पण परीक्षा किंवा घरातलं लग्न असलेला आठवडा नको. पहिले २-३ दिवस सर्वांत जड, चिडचिड २ ते ४ आठवडे.
- निकोटीन गम (तलफ कमी करायला चघळायचा, थोडं निकोटीन असलेला गम) नेहमीच्या गमसारखा सलग चावू नका. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, थांबल्या की पुन्हा चावा. गम घेण्याआधी १५ मिनिटं चहा नको. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर २ मि.ग्रॅ.चा गम कमी पडतो, ४ मि.ग्रॅ.बद्दल डॉक्टरांना विचारा.
- चहा-कॉफी निम्मी करा. धूर बंद झाला की कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं. धडधड वाढते, आणि दोष सिगारेट सोडण्यावर येतो!

भांडणानंतर एक ओढलीच, तर पाकीट फेका, गम चालू ठेवा. ‘आता मोडलंच’ म्हणून दुसरी पेटवली जाते, खरी घसरण तिथे. मोफत समुपदेशन: १८००-११-२३५६.

औषधी गोळ्यांचं नंतर बोलू.