वाचकांचे प्रश्न : सर्व्हरचे दिवे काय सांगतात?

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या डेल पॉवरएज सर्व्हरचा पुढचा निळा दिवा भर दुपारी केशरी होऊन लुकलुकतो आणि संध्याकाळी आपोआप निळा होतो. काम कुठे अडत नाही. दुर्लक्ष केले तर चालेल का? (बोदवड)

उत्तर : नाही. दुपारीच होते म्हणजे आधी उष्णतेचा संशय घ्या. आत शिरणारी हवा साधारण १० ते ३५ अंशांची हवी. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना एसी जेवणाच्या सुट्टीत बंद केला, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पण दिवा फक्त बिघाड आहे एवढेच सांगतो. ब्राउझरमध्ये आयड्रॅकचा (सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवायची डेलची सोय) आयपी पत्ता टाकून सिस्टम इव्हेंट लॉग, म्हणजे बिघाडांची नोंदवही, उघडा. तिथे इनलेट टेम्परेचरची (आत शिरणाऱ्या हवेच्या तापमानाची) नोंद असेल तर खोली किंवा जाळी तपासा. फॅनचा नंबर असेल तर तोच फॅन बदलायचा.

जाळी म्हणजे पुढचे बेझल. कापसाची लव तिच्यावर थराने बसते. सर्व्हर रीतसर शटडाऊन करा, दोन्ही पॉवर केबल काढा, मग ब्लोअर मारा. फॅनचे पाते बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ते गरगर फिरू देऊ नका. आणि वरचे झाकण काढून टेबल फॅन लावण्याची आपल्याकडची पद्धत सोडा. झाकण आणि आतले प्लास्टिकचे आवरण असेल तरच हवा प्रोसेसर-रॅमवरून खेचली जाते. डिस्कच्या रिकाम्या खणांतली डमीही (खण झाकणारा पोकळ तुकडा) याच कारणासाठी काढायची नसते.

प्रश्न : केळी खरेदीचा सगळा हिशेब तीन डिस्कच्या रेड-५ वर (डिस्क एकत्र जोडून डेटा सगळ्यांवर वाटून ठेवायची पद्धत) आहे. सर्व्हर डेलचाच. एका डिस्कचा दिवा हिरवा, मग केशरी, मग बंद असा फिरत राहतो. डिस्क काढून पुन्हा बसवू का? (रावेर)

उत्तर : हात लावू नका, आधी बॅकअप घ्या. हिरवा-केशरी-बंद हा क्रम म्हणजे डिस्क चालू आहे, पण लवकरच जाईल असा डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा अंदाज. नुसता केशरी भराभर, सेकंदाला चार वेळा लुकलुकला, तर ती गेलेलीच आहे. रेड-५ एकाच डिस्कचे नुकसान झेलते. दुसरी गेली, किंवा घाईत चांगली डिस्क उपसली, की हिशेब संपला.

नवी डिस्क त्याच प्रकारची घ्या. सॅसच्या जागी साटा (डिस्क जोडणीचे दोन प्रकार) चालत नाही, क्षमता तेवढीच किंवा जास्त हवी. आयड्रॅकमधून त्या खणाला ब्लिंकची आज्ञा द्या. जिचा हिरवा दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकेल तीच डिस्क. ती इंचभर ओढून अर्धा मिनिट थांबा, फिरती चकती थांबू द्या, मग पूर्ण काढा. नवी बसवल्यावर हिरवा दिवा संथ लुकलुकला म्हणजे रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणे) चालू झाले. त्याला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ सर्व्हर बंद करू नका. वीज जाणारच असेल तर यूपीएसची बॅटरी आधीच पाहून ठेवा. तीन सेकंद हिरवा, तीन सेकंद केशरी, सहा सेकंद बंद असे दिसले तर रिबिल्ड मध्येच थांबले आहे, लॉग पाहा.

प्रश्न : दोनपैकी एका पॉवर सप्लायचा दिवा लागत नाही. नवा घ्यावा का? (शिरपूर)

उत्तर : आधी केबलींची अदलाबदल करा, पण दुसऱ्याचा दिवा स्थिर हिरवा आहे आणि सर्व्हर बंद आहे याची खात्री करून. अंधार केबलबरोबर दुसरीकडे गेला, तर दोष केबल, सॉकेट किंवा यूपीएसचा. तिथेच राहिला, तर सप्लायचा. नवा घेताना वॅट आणि प्रकार जुन्यासारखाच हवा. डेलमध्ये न जुळणारा बसवला की हिरवा दिवा लुकलुकून विझतो, आणि दुकानदार माल खराब निघाला म्हणतो. दोन्ही केबल एकाच एक्स्टेंशन बोर्डात असतील तर दोन सप्लाय असण्याचा उपयोग नाही. एक यूपीएसवर, दुसरी वेगळ्या लाईनवर घ्या.

प्रश्न : एचपीई प्रोलायंटवर निळा दिवा लुकलुकतो. बिघाड? (शहादा)

उत्तर : नाही. तो सर्व्हर ओळखता यावा म्हणून असलेला यूआयडी दिवा. लुकलुकतो तेव्हा दुरून काम किंवा फर्मवेअर (सर्व्हरच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अपडेट चालू असते, वीज तोडू नका. तब्येतीचा दिवा वेगळा : स्थिर हिरवा ठीक, लुकलुकता केशरी म्हणजे एखादा भाग कमजोर, लुकलुकता लाल म्हणजे गंभीर.